डोळे झाकून

हल्ली बायको फोन पालथा ठेवायला लागली आणि नवऱ्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. ती गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली, तसं त्याने लॅपटॉपवर तिचं ईमेल खातं उघडायला घेतलं. 'पासवर्ड विसरलात?' दाबल्यावर तिनेच लिहून ठेवलेला प्रश्न समोर आला : 'डोळे झाकून विश्वास कोणावर?'

त्याने तिच्या भावाचं नाव टाकलं. चूक. मैत्रिणीचं टाकलं, तेही चूक. मग तिच्या साहेबांचं टाकून पाहिलं. पण तेही चूकच निघालं. शेवटी वैतागून त्याने स्वतःचं नाव टाकलं आणि खातं उघडलं.

तेवढ्यात ती ओल्या हातात फोन धरून धावत खाली आली. फोनचं लॉक काढून तिने तो त्याच्याच हातात दिला.

"अहो, मेसेज आलाय, माझ्या ईमेल खात्यात कोणीतरी घुसलंय. जरा बघता का?"