बैठकीच्या खोलीतला घाट

पडद्यावरचा म्हातारा टपालवाला घाटाच्या शेवटच्या वळणाला आला, तसा चष्मेवाल्यानेही पेडलवर जोर दिला. म्हाताऱ्याच्या मागे बर्फाचे डोंगर होते. चष्मेवाल्याच्या मागे बायको इस्त्री करत उभी होती. त्याच्या सायकलचं मागचं चाक लोखंडी स्टँडमध्ये जखडलेलं होतं आणि जागच्या जागी घरघरत होतं. हनुवटीवरून गळणारा घाम खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर टपटपत होता.

"पोचला का वर?" बायकोने विचारलं.

"पोचतोय. शेवटचे दोन किलोमीटर."

"गेल्या रविवारीही पोचला होता."

त्याने पेडलचा वेग वाढवला. सायकलवरचे असे अकरा सिनेमे त्याच्याकडे होते. दर शनिवारी त्यातला एखादा तो आपल्या सायकलवाल्या मित्रांना पाठवायचा. खाली लिहायचा, "बघाच. अंगात वारं भरतं." एका उतारावर तो सायकलवरून पडला, त्याला आठ महिने झाले होते. खांद्याचं हाड सांधलं होतं, डॉक्टरांनी केव्हाच मोकळीक दिली होती.

फोन वाजला. त्या मित्रांच्या टोळीतला सगळ्यात वयस्कर, ज्याला सगळे कप्तान म्हणत, तो बोलत होता.

"कालचा सिनेमा पाहिला रे. काय तो म्हातारा! आम्ही कोपऱ्यावर उभे आहोत. येतोस ना?"

"आलो असतो," चष्मेवाला धापा टाकत म्हणाला. "पण गुडघा धरलाय जरा. पुढच्या रविवारी नक्की."

फोन ठेवला, तेव्हा बायकोने इस्त्री उभी करून ठेवली होती.

"तुमचा खांदा मोडला होता. गुडघा कधी धरला?"

"मग काय सांगू त्यांना?"

तिने इस्त्रीचा प्लग काढला. "उतरा."

"का?"

"उतरा तर खरं."

तो उतरला. ती गुडघ्यांवर बसली आणि स्टँडचा खटका उघडला. कुठला खटका कुठे, हे तिला ठाऊक असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. मागचं चाक फरशीला टेकलं. तिने सीट चार बोटं खाली घेतली.

"अगं, काय चाललंय?"

"एक चक्कर मारून येते."

"तू? शेवटची सायकल कधी चालवलीस?"

"शाळेत. पण सिनेमे मीही अकराच्या अकरा पाहिलेत. तुमच्या पाठीमागे उभं राहून."

"सिनेमा बघून सायकल येते होय!" तो हसला. शब्द तोंडातून गेले आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं.

तिने सलवारीला कपड्यांचा चिमटा लावला. हेल्मेट घातलं, ते भुवयांपर्यंत खाली आलं. त्याने पुढे होऊन पट्टा आवळला. दुकानात दिवसभर परक्यांच्या कानांवर चष्म्याच्या काड्या बसवणारी त्याची बोटं. आज ती साधं बक्कल लावताना दोनदा चुकली.

"पुढचा ब्रेक एकदम दाबू नकोस."

"माहितीये," ती म्हणाली आणि सायकल लिफ्टमध्ये उभी करून निघून गेली.

तो खिडकीशी आला. खाली ती दिसली. पहिल्यांदा पाय टेकला, दुसऱ्यांदा टेकला. मागून आलेल्या टेम्पोने हॉर्न वाजवला. तिने वळून पाहिलं नाही. तिसऱ्यांदा सायकल वाकडीतिकडी पुढे सरकली, मग सरळ झाली, आणि कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली.

खोलीत सिनेमा संपून नावं वर सरकत होती. त्याने तो बंद केला. अचानक उघडणारी मोटारीची दारं, वळणावरची खडी, रस्त्यात सांडलेलं तेल. आठ महिने जे जे त्याला झोपेत दिसत होतं, ते सगळं आता तिच्या वाटेत होतं. वीस मिनिटं झाली. उरलेल्या कपड्यांच्या त्याने इस्त्री न करताच घड्या घातल्या. चाळीस मिनिटं झाली. त्याने बूट घातले, दारापर्यंत गेला, परत आला. चुकामूक व्हायची. तासाभराने लिफ्टचा आवाज आला आणि बेल वाजायच्या आत त्याने दार उघडलं.

तिचा तळहात खरचटला होता. पोटरीला साखळीचं काळं लागलं होतं.

"पडलीस?"

"दोनदा. एकदा तर उभी असताना."

"कुठवर गेलीस?"

"तलावापर्यंत. तिथे तुमची टोळी चहा पीत बसली होती." ती खुर्चीत बसली, हेल्मेट मांडीवर ठेवलं. "गुडघा कसा आहे म्हणून विचारत होते."

"मग?"

"म्हटलं, गुडघ्याला काही झालं नाही. घाबरलेत ते."

तो तिच्यासमोर तसाच उभा राहिला. बुटांकडे बघत म्हणाला, "हसले असतील."

"नाही."

तिने पाणी मागितलं. त्याने आणून दिलं. अर्धा पेला संपवून ती म्हणाली, "मी विचारलं त्यांना, हे पडले तो उतार कुठे आहे, मला बघायचाय. तर कप्तान जागचे हलेचनात. म्हणाले, वहिनी, त्या दिवसापासून आम्ही सगळे तिथे सायकलवरून खाली उतरतो. सायकली हातात धरून चालत जातो."

"सगळे?"

"सगळे. म्हणाले, पण त्याला सांगू नका. तो आम्हाला सिनेमे पाठवतो."