मीटर खोटं बोलत नाही

कॉफीचं मशीन टेबलावर उताणं पडलं होतं आणि नवरोबा त्याच्या पोटात स्क्रूड्रायव्हर खुपसून बसला होता. बायको केव्हाची चप्पल घालून, मांडीवर पर्स घेऊन दारापाशी बसली होती.

"अहो, डॉक्टरांकडे नंबर लावलाय. निघायचं ना?"

"हे असं उघडं टाकून येऊ? जरा दम धर."

दम काय, ती महिनाभर धरून होती. मशीन फार तापतंय, जळका वास येतोय, असं ती सांगायची, त्यावर उत्तर ठरलेलं, "तुला वापरता येत नाही." जिना चढताना छातीत कळ येते, असंही सांगायची. "गॅस असेल," की संपलं. आज सकाळी मशीनने नवऱ्याचंच बोट भाजलं, तेव्हा कुठे माळ्यावरची हत्यारांची पेटी खाली आली. तीही हिनेच काढली, शिडीवर चढून. उतरल्यावर ती बराच वेळ भिंतीला टेकून उभी होती. ते बघायला कुणाला सवड होती?

त्याने नळीत फुंकर मारून बघितली. नळी मोकळी होती. मग थर्मोस्टॅट सुटा केला, त्याला करंट तपासायच्या मीटरच्या वायरी लावल्या आणि खालून लायटर धरला. मीटर पीं पीं करत राहिलं.

"बघ, बघ! तापल्यावर याने करंट तोडायला हवा. चिकटून बसलाय लेकाचा. मशीन तापणार नाही तर काय!"

"तेच तर सांगत होते मी."

"सांगायला काय, कुणीही सांगतं. मीटर खोटं बोलत नाही."

"आणि मी बोलते?"

त्याने तोवर भावाला फोन लावलाही होता. "दादा, सापडलं रे! थर्मोस्टॅट गेलाय. महिनाभर तापत होतं, हिने तसंच रेटलं. अरे, कुरकुर सुरू झाली की पहिल्याच दिवशी उघडून बघायला नको? असं अंगावर काढून कसं चालेल?"

तिला रडू आलं नाही. राग आला, डोक्यात तिडीक गेली. ती चौकट धरून उठली.

"मी जाते."

"एकटी?" त्याने फोनवर हात ठेवला. "अगं, दहा मिनिटांत जोडतो ना हे."

"जोडा सावकाश. डॉक्टरांकडेही मीटर आहे. ते काय म्हणतंय ते कळवते तुम्हाला. त्याचं तरी ऐकाल."

कठडा धरून ती एकेक पायरी उतरू लागली. पहिल्याच वळणावर तिला थांबावं लागलं. छातीवर हात दाबून ती उभी राहिली, दार उघडतंय का ते ऐकत.

वरून पीं पीं ऐकू येत होतं. तो पुन्हा एकदा खात्री करून घेत होता.