परचुरे मास्तरांचा संशय

बत्तीस साली पुण्याहून परचुरे मास्तर तिकोणा पेठेच्या शाळेत गणित शिकवायला आले, आणि आठवड्याभरात त्यांच्या डोक्यात संशय शिरला. गणित फळ्यावर उतरतं न उतरतं तोच अख्खा वर्ग बरोबर उत्तर ओरडायचा! त्यांनी पाट्या तपासल्या, पोरांच्या टोप्या झाडल्या, शेवटी खिडकीबाहेर म्हैस घेऊन बसणाऱ्या धोंडाबाईला हटकलं.

"मावशी, खुणा तुम्हीच करता ना?"

"मला धाच्या म्होरं मोजता येत न्हाई, मास्तर," म्हणत म्हातारी फणकाऱ्यानं घरी गेली. म्हैस तिथंच राहिली.

मास्तरांनी फळ्यावर लिहिलं, बहात्तर भागिले बारा. म्हशीनं खिडकीतून फळ्याकडं बघितलं, मान हलवली. गळ्यातली घंटा मोजून सहा वेळा वाजली.

"सहा!" वर्ग ओरडला.

मास्तरांनी म्हैस रानात हाकलली, तर पोरांना तीन अन् दोन येईना. सोमवारी दिपोटीसाहेब शाळा तपासायला येणार होते. वर्ग नापास, तर मास्तरांची नोकरी गेली.

सोमवारी मास्तरांनी स्वतः म्हैस आणून खिडकीपाशी बांधली, पुढ्यात हिरवा चारा टाकला आणि हात जोडले, "बाईसाहेब, आज अपूर्णांक विचारतील, तेवढं सांभाळून घ्या."