खास सतरंजी

“पोरी, आमच्या व्याह्यांनाही खुर्ची टाक,” मंदिराचे विश्वस्त दाणीकाका फोनवर म्हणाले. कीर्तन महोत्सवाच्या वेबसाइटचं काम सुरभीकडे होतं. वेबसाइट ज्या तयार सांगाड्यावर बांधली होती, ते फ्रेमवर्क मोठं गुणी. वेगळं काही सांगितलं नाही, तर ते रूढ संकेत धरून चालायचं. इथला संकेत असा, की नाव नोंदवलं की सतरंजीवर जागा. कुणाला खुर्ची हवी असली, तर त्याच्यापुरता संकेत मोडणारी ओळ सुरभीने कोडमध्ये लिहायची.

ओळी वाढत गेल्या. व्याही झाले, विहीणबाई झाल्या, मग त्यांचे शेजारी. सतरंजीवर सुरभीचे वडील तेवढे उरले. त्यांना हल्ली कमी ऐकू यायचं. कीर्तनात बुवांचा शब्द त्यांच्या कानी पडेल ना, हीच सुरभीला धास्ती.

“बाबा, तुमच्यासाठीही एक ओळ लिहिते.”

“नको गं. देवाच्या दारात वशिला कशाला?”

महोत्सवाला खुर्च्या सतरंजीच्या मागे लागल्या. हाही मंदिराचा जुना संकेतच, आणि तो मोडायला कुणी सांगितलं नव्हतं. अख्ख्या सतरंजीवर बाबा एकटे, थेट बुवांसमोर. मध्यंतरात बुवांनी पहिला बुक्का त्यांनाच लावला आणि पुढचं आख्यान जणू त्यांच्याशीच बोलले. बाबांचे डोळे वाहत होते. एकही शब्द निसटला नव्हता.

प्रसादाच्या रांगेतच दाणीकाकांनी सुरभीला गाठलं. “पोरी, उद्या मला सतरंजीच दे.”

“सोपं आहे काका. तुमची ओळ पुसली की झालं.”

काका घुटमळले. “पूस. पण माझी सतरंजी जरा खास असू दे.”