एक आकडा बदलला की

"अगं आई, रेघ ओढू नकोस. आकडा बदल," लेक म्हणाली.

आईने सवयीने स्वयंपाकघराची भिंत माउसने धरून ओढली होती, आणि पडद्यावरचं अख्खं घर तिच्यामागे फरफटत गेलं होतं. जिना भलतीकडे, न्हाणीघर अंगणात.

"काय मेलं खूळ आहे," आई म्हणाली. "आमच्या कॅडमध्ये रेघ काढली की जिथल्या तिथे गपगुमान राहायची. शेजारीण हलली म्हणून ही नाही हलायची."

आईला उद्या ऑफिसात साहेबांना उत्तर द्यायचं होतं. जुन्या विभागात कॅडवर राहायचं आणि तो बंद होईल तेव्हा घरी बसायचं, की पन्नाशी उलटल्यावर हे आकड्यांवर चालणारं पॅरामेट्रिक मॉडेलिंग अ-आ-इ-ईपासून शिकायचं? आईचा कल उघड होता. कॅड तिला नवऱ्याने शिकवलं होतं. दोघंही एकाच ऑफिसात नकाशे काढायची. एक दार सरकवायचं म्हटलं की सगळे नकाशे पुन्हा काढावे लागत, आणि ते दोघं भांडत भांडत काढत. काय सुखाची होती ती भांडणं. नवरा गेल्यापासून तिच्या रेघेला कुणी नाव ठेवलं नव्हतं.

"इथे प्रत्येक गोष्ट कशाला तरी बांधायची असते," लेक समजावत होती. "दार भिंतीला, जिना मजल्याला. एक हललं की त्याला बांधलेलं सगळं हलतं. सरावाला आपलंच घर घे. मी तोवर भाजी टाकते."

ती परत आली तेव्हा घर उभं होतं, नेटकं आणि मापात. परीक्षा घ्यावी म्हणून तिने बाहेरच्या खोलीची लांबी वाढवली. भिंत सरकली, दार सरकलं, जिनाही मुकाट मागे गेला. खिडकी तेवढी जागची हलली नाही.

"चुकलीस बघ. खिडकी बांधायची राहिली."

"राहिली नाही."

लेकीने खिडकीवर क्लिक केलं. खिडकी भिंतीला नव्हे, खोलीतल्या एका खुर्चीला बांधलेली होती. तशी खुर्ची आता घरात नव्हती.

"नकाशा काढताना तुझ्या बाबांना उजेड डावीकडूनच लागायचा," आई म्हणाली. "साहेबांना सांगते, शिकते म्हणून. कॅडमध्ये हे जमलं नसतं."