आवडीची उसळ

तेराव्याच्या नैवेद्याला वृंदाने आईच्या आवडीची मटकीची उसळ केली. शेजारच्या भोईरकाकू कढईवरचं झाकण उचलून थबकल्या.

"अगं, गेली दोन वर्षं त्यांना मटकी चावता यायची कुठं? तू त्यांच्यासाठी ठेवलेला डबा मी खायची आन् त्या माझ्याकडं मऊ भात जेवायच्या."

"मला कधी बोलली नाही!"

"म्हणायच्या, पोर पहाटे चारला उठून रांधते, मग मुंबई गाठते. तिला काय सांगायचं!"

परवडलं म्हणून मुंबईपासून लांब वांगणीत घेतलेल्या घरात मायलेकी एकत्र जेवायच्या त्या फक्त रविवारी. तेव्हा आई नुसता रस्सा भुरकायची आणि वृंदाला वाटायचं, किती आवडतो हिला!

वृंदाने गॅस बंद केला. काकूंकडे न बघताच तिने विचारलं, "आईला काय आवडायचं हो?"