ग्रूमशी जुळणारे शब्द

आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नात मंगलाष्टकं माझीच असतात. त्यामुळे ताईच्या मुलीने आयरिश मुलगा पसंत केल्यावर मी जाहीर करून टाकलं, “यंदा मंगलाष्टकं इंग्रजीत!”

ग्रूमशी यमक जुळणारे शब्द एका पुस्तकात अर्थासकट सापडले. ब्रूम म्हणजे झाडू, टूम म्हणजे थडगं, डूम म्हणजे सर्वनाश. शेवटी फुलणारं ब्लूम घेतलं. लाइफला वाइफ मिळाली. नाइफ मी मोठ्या मनाने सोडून दिली. मग हे सगळं मंगलाष्टकांच्या नेहमीच्या चालीत कोंबलं.

अंतरपाटाशेजारी माइक धरून मी ‘लाऽऽइफ’ असं काही ताणलं, की भटजींनीही वर पाहिलं. नवरदेवाच्या आई मात्र डोळे टिपत होत्या. वाटलं, शब्द थेट काळजाला भिडले!

अक्षता पडताच त्या माझ्याकडे आल्या, माझे दोन्ही हात धरून भरभरून बोलल्या. ताईने खाली मान घालून अर्थ सांगितला, “त्या म्हणतायत, एक शब्द कळला नाही, पण तुमची मराठी भाषा फार गोड आहे.”

मी कसंबसं “थँक्यू” म्हटलं.

त्यांचा चेहरा उजळला. “ओह! यू स्पीक इंग्लिश!”